धुळीखालचे डेट्रॉइट: नगरच्या छावणीतली अमेरिकन यंत्रे

(१)
अमेरिकेत एखाद्या शेतावरचे जुने लाकडी कोठार उघडावे, गवताच्या पेंढ्या बाजूला साराव्यात आणि धुळीच्या थराखाली चाळीस-पन्नास वर्षे उभी असलेली मोटार सापडावी, या योगाला तिकडे ‘बार्न फाइंड’ म्हणतात. त्यात १९६० च्या दशकातली ‘मसल कार’ हाती लागली, तर शौकीन मंडळी दूरदूरून पाहायला येतात. मध्यम आकाराच्या, साध्या दिसणाऱ्या गाडीत अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवायचे, हे या गाड्यांचे सूत्र. १९६४ सालच्या पाँटियाक जीटीओपासून हे युग सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते.

(२)
अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एखादी वखार उघडली तर अशी गाडी सापडेल काय? जवळजवळ नाहीच. त्याचे कारण नशिबात नसून १९५० च्या दशकातल्या धोरणांत आहे. मात्र त्याच डेट्रॉइट शहरात, त्याच कंपन्यांनी घडवलेली आणि मसल कारहून कितीतरी बलवान असलेली यंत्रे नगरच्या छावणीत आज उभी आहेत. ती बाजाराच्या वाटेने आली नाहीत; रणांगणाच्या वाटेने आली. या धाग्यात त्या दोन्ही वाटांचा मागोवा आहे.

(३)
पहिली वाट मुंबईची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने बंदरात उतरत, शिवडीत त्यांची गाडी होई आणि ती गाडी घाट चढून दख्खनच्या पठारावर येई. शेव्हरोलेची मोटार किंवा तिच्याच सांगाड्यावर स्थानिक सुतारांनी बांधलेली बस त्या काळी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर नवलाची राहिली नाही. फोर्डनेही मुंबईत बस्तान बसवले होते.

(४)
याच वाटेवरचे मोठे मराठी मुलखातले नाव म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. मोटारीची केवळ जुळणी न करता ती देशात घडवावी, हा त्यांचा ध्यास. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावे धारण केलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. क्रायस्लर हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे ते वेगळ्याच वेषात नगरला भेटणार आहे.

(५)
तिसरे अमेरिकन वाहन युद्धातून आले आणि शेतात रमले. ते म्हणजे जीप. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभली. त्याच काळात नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. उसाच्या फडांतले कच्चे रस्ते, कालव्यांचे बांध आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल यांत जीपच टिके. जिल्ह्यातल्या जुन्या वाड्याच्या पडवीत आज एखादे अमेरिकन वंशाचे वाहन सापडलेच, तर ते जीप किंवा डॉज असण्याचा संभव अधिक.

(६)
मग मसल कार का नाही? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्या कंपन्या भारतात टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष उत्पादन करणार असतील त्यांनीच येथे राहावे. केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्यांना जागा नसावी. बाजारपेठ लहान होती, गुंतवणूक मोठी होती. फोर्डने काम आवरले. जनरल मोटर्सची शिवडीतली जुळणी १९५४ मध्ये थांबली. पुढे आयातीवरचे निर्बंध आणि परकीय चलनाची टंचाई यांमुळे मोठ्या अमेरिकन गाडीचे दार जवळपास बंदच झाले. कुर्ल्यातही छोट्या फियाटचे राज्य आले. डेट्रॉइटच्या मसल कार घडू लागल्या, तेव्हा मुंबईचे बंदर त्यांच्यासाठी मोकळे नव्हते.

(७)
त्याच १९५४ सालची दुसरी घटना. मे महिन्यात अमेरिका आणि पाकिस्तान यांच्यात परस्पर संरक्षण साहाय्याचा करार झाला. पुढच्या वर्षांत त्या कराराखाली पाकिस्तानला आधुनिक अमेरिकन रणगाडे मिळाले. एकीकडे शिवडीत अमेरिकन मोटारींचे काम थांबले आणि दुसरीकडे उपखंडात अमेरिकन पोलादाचा नवा मार्ग उघडला. या दोन निर्णयांचा एकमेकांशी कार्यकारण संबंध नव्हता. पण नगरच्या छावणीत आज जे दिसते, त्यामागे या दोहोंची छाया आहे.

(८)
मोटार आणि रणगाडा यांचे नाते मात्र त्याहून जुने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रणगाडे हजारोंनी हवे होते आणि विमानी इंजिने विमानांनाच पुरत नव्हती. तेव्हा डेट्रॉइटच्या अभियंत्यांनी घरच्या मोटारींकडे नजर वळवली. एम-५ जातीच्या हलक्या ‘स्टुअर्ट’ रणगाड्यात कॅडिलॅक मोटारीची दोन व्ही-८ इंजिने शेजारीशेजारी बसवली गेली. सोबत जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ही आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा. ऐषआरामी मोटारीसाठी बनलेले तंत्र रणगाडाचालकाच्या हाती आले. क्लच दाबण्याचे कष्ट वाचले.

(९)
क्रायस्लरची युक्ती याहून अचाट होती. तिने आपल्या मोटारीची सहा सिलिंडरांची पाच इंजिने एकाच मध्यवर्ती पेटीभोवती जोडली आणि तीस सिलिंडरांचे एक इंजिन तयार केले. ‘शर्मन’ रणगाड्याच्या एम-४-ए-४ या प्रकारात ते बसले. हे इंजिन इतके लांब की, रणगाड्याचा सांगाडाच वाढवावा लागला. क्रायस्लरने चालवलेल्या डेट्रॉइट टँक आर्सेनलमधून असे ७,४९९ रणगाडे बाहेर पडले. त्यांतले बहुतेक ब्रिटिशांच्या वाट्याला गेले आणि ब्रह्मदेशात हिंदी पलटणींनी शर्मन वापरले. १९४५ मध्ये मैक्तिलाच्या लढाईत डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट शर्मनवर स्वार होती.

(१०)
कॅडिलॅकच्या इंजिनांची खरी कसोटी हिमालयात लागली. १९४८ च्या शरद ऋतूत झोजी ला खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि लडाखची वाट तुटली होती. सुमारे साडेअकरा हजार फुटांवर रणगाडा चढेल, हे कोणाच्या कल्पनेत नव्हते. जनरल थिमय्या यांनी तेच करायचे ठरवले. सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुटे करून गुप्तपणे श्रीनगरमार्गे बालताल येथे नेण्यात आले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची पायवाट रुंद केली.

(११)
१ नोव्हेंबर १९४८ रोजी लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांचे रणगाडे खिंडीत शिरले. तोवर इतक्या उंचीवर रणगाडे लढले नव्हते. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, थंडीत तेल गोठते. तरीही मोटारीसाठी जन्मलेली ती यंत्रे चालली आणि समोरच्यांचा धीर सुटला. युद्धानंतर अमेरिकेत हायड्रामॅटिकच्या जाहिरातींत ‘रणांगणावर पारखलेले’ अशी शेखी मिरवली जाई. त्या पारखीतला एक अध्याय काश्मीरमध्ये लिहिला गेला होता.

(१२)
आता दुसऱ्या वाटेचा मुख्य प्रवासी: ‘पॅटन’. एम-४७ पॅटनमध्ये हवेने थंड होणारे, बारा सिलिंडरांचे, सुमारे ८१० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. वजन सुमारे ४५ टन. रस्त्यावरसुद्धा एका लिटरला पाव किलोमीटर जाणे त्याला जमत नसे. एम-४७ चे मोठे उत्पादन डेट्रॉइट आर्सेनलमध्ये झाले. त्यानंतरचा एम-४८ घडवण्यात क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्सचा फिशर बॉडी विभाग या तिघांचाही हात होता. मुंबईत मोटारी विकणाऱ्या तिन्ही घराण्यांनी मिळून हा रणगाडा घडवला, असे म्हणता येईल.

(१३)
सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरण भागात पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पॅटन घेऊन उतरली. समोर मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन आणि ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. भारताकडे तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते, आठव्या कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३ होते आणि डेक्कन हॉर्सकडे अजूनही शर्मनच होते. मैक्तिलाला लढलेल्या रेजिमेंटीसमोर आता शर्मनहून एका पिढीने पुढचा अमेरिकन रणगाडा उभा होता.

(१४)
असल उत्तर या गावाभोवती भारतीय तुकड्यांनी घोड्याच्या नालेसारखा मोर्चा बांधला. कालव्यांचे पाणी शेतांत सोडले. उभ्या उसात तोफा आणि रणगाडे दडवले. वजनदार पॅटन चिखलात रुतू लागले; त्यांचे दूरचा अचूक वेध घेणारे यंत्र उसाच्या भिंतीपुढे निरुपयोगी झाले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन निकामी केले आणि १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

(१५)
क्षणभर या दृश्याकडे पाहावे. नगर-कोपरगावच्या शेतकऱ्याला चिरपरिचित असा उसाचा फड, पाण्याने भरलेल्या सऱ्या, आणि त्यात अमेरिकन वंशाची एक छोटी जीप अमेरिकेच्याच अवजड रणगाड्याला सामोरी जाते आहे. भारतीय नोंदींनुसार त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. हाती आलेले पॅटन भिखीविंड येथे ओळीने उभे केले गेले आणि त्या जागेला लोकांनी नाव दिले ‘पॅटन नगर’.

(१६)
याच सुमारास डेट्रॉइटमध्ये काय चालले होते? एप्रिल १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग बाजारात आणली होती. पाँटियाक जीटीओचे मूळचे इंजिन ३२५ अश्वशक्तीचे होते. क्रायस्लर आपले ४२५ अश्वशक्तीचे ‘हेमी’ इंजिन १९६६ च्या गाड्यांतून रस्त्यावर आणण्याच्या तयारीत होती. त्या शहरातला तरुण कामगार शनिवारी रात्री ज्या ताकदीचा आनंद लुटत होता, तिच्या जवळपास दुप्पट ताकदीची यंत्रे त्याच दिवसांत पंजाबच्या चिखलात मरून पडत होती, आणि त्यांच्या आत माणसे होती.

(१७)
हे पॅटन नगरला का आले? कारण नगर ही भारतीय चिलखती दलाची मातृभूमी. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे येथे ब्रिटिशांची छावणी वाढली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये रणगाड्यांशी निगडित प्रशिक्षणसंस्था एकत्र करून येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकाराला आले. संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा, म्हणजे व्हीआरडीई, हीसुद्धा नगरचीच. रणगाडा चालवायला, दुरुस्त करायला आणि त्यावरून लढायला भारतीय जवान येथे शिकतो.

(१८)
पकडलेले पॅटन देशभर विखुरले. कोणी छावणीच्या वेशीवर उभे राहिले, कोणी शहराच्या चौकात. फेब्रुवारी १९९४ मध्ये नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरने कॅव्हलरी टँक म्युझियम उभारले. आज तेथे पन्नासाच्या आसपास चिलखती वाहने आहेत. सर्वांत जुनी म्हणजे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार. तिच्याकडे पाहिले की, रणगाड्याचा पूर्वज मोटारच होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

(१९)
संग्रहालयात पॅटन आहे. सुरुंग फोडण्यासाठी पुढे फिरत्या साखळ्या लावलेला ‘शर्मन क्रॅब’ आहे. आणि ‘चॅफी’ आहे. चॅफी हा स्टुअर्टचा वारसदार. त्याच्याही पोटात कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिने आणि हायड्रामॅटिक. अमेरिकन व्ही-८ नगर जिल्ह्यात शोधायचे असेल, तर ते येथे, चिलखताच्या आत शोधावे. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानात गरीबपूर येथे पाकिस्तानच्या अशाच चॅफींची गाठ भारताच्या पीटी-७६ रणगाड्यांशी पडली होती. पाकिस्तानची ती रणगाड्यांची तुकडी त्या पहाटेच्या धुक्यात जवळजवळ संपली.

(२०)
नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरने आणखी एक यंत्र जपले आहे. ते अमेरिकन नाही. पण पॅटनची गोष्ट त्याच्याविना अपुरी राहते. ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याच रणगाड्यातून पॅटनांशी लढले. रणगाडा पेटला, मागे फिरण्याचा आदेश मिळाला, तरी तोफ चालते आहे तोवर आपण लढणार, अशी त्यांची भूमिका राहिली. तेव्हा त्यांचे वय २१ वर्षे. परमवीर चक्र मरणोत्तर. पॅटन आणि फामागुस्ता, एकमेकांसमोर ठाकलेल्या दोन्ही बाजूंची यंत्रे आज एकाच शहरात आहेत.

(२१)
विजयचिन्ह म्हणून शस्त्र वाहून नेण्याची रीत नगरला नवी नाही. १५४९ मध्ये निजामशाहीच्या काळात येथे ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन, म्हणजे पॅटनहूनही अधिक. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली आणि ती आजही तेथेच आहे. नगरची तोफ विजापूरची विजयचिन्ह झाली. तीन शतकांनंतर डेट्रॉइटचा रणगाडा नगरचे विजयचिन्ह झाला.

(२२)
या तोफेची पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. १८५४ मध्ये विजापुरातली निरुपयोगी सरकारी चीजवस्तू लिलावात काढण्याचा हुकूम साताऱ्याहून निघाला. मलिक-ए-मैदानला सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. स्थानिक अधिकाऱ्याला ही किंमत आणि लोकांची त्या तोफेवरची श्रद्धा यांतली तफावत जाणवली. त्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. एका अधिकाऱ्याची नजर चुकती, तर ती तोफ वितळून भांडी झाली असती.

(२३)
जुन्या यंत्राच्या आयुष्यात असा एक धोक्याचा काळ हमखास येतो. वापर संपलेला असतो, इतिहास अजून झालेला नसतो. त्या मधल्या काळात त्याची किंमत भंगाराच्या वजनाने होते. अमेरिकन शेतकऱ्याच्या कोठारातली मोटार टिकते, ती बहुधा आळसामुळे किंवा ममतेमुळे. कोणीतरी ती विकायची राहून जाते. रणगाडा तसा राहून जात नाही. ४५ टन पोलाद डोळ्यांआड होत नाही. ते टिकवायचे असेल, तर कोणाला तरी तसे ठरवावे लागते.

(२४)
टिकवणे म्हणजे केवळ उभे करणेही नव्हे. कोठारातल्या मोटारीचे जाणकार आधी धूळसुद्धा पुसत नाहीत. मूळ रंग, कारखान्याचे आकडे, तळाशी साचलेली माती हे सारे पुरावे असतात. उघड्यावरच्या रणगाड्याला पावसापासून वाचवण्यासाठी रंग द्यावाच लागतो. पण प्रत्येक थराखाली एखादे मूळ चिन्ह, गोळ्याचा ओरखडा, ओतकामाचा क्रमांक झाकला जातो. रंगवण्याआधी त्याची नोंद घेणे, छायाचित्र काढणे आणि तो कोठून, कोणत्या लढाईतून आला हे फलकावर लिहिणे, हे काम रंगाच्या डब्याहून स्वस्त आणि अधिक टिकाऊ आहे.

(२५)
१९५४ मध्ये शिवडीतले काम थांबले, तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर आलेल्या डेट्रॉइटच्या गाड्या हळूहळू थकत गेल्या; बहुतेकींचे सुटे भाग झाले, उरलेले भंगारात गेले. माणसाने हौसेने विकत घेतलेले यंत्र क्वचितच उरले. ज्या यंत्राने माणसे मारली आणि ज्यात माणसे मेली, ते मात्र रंग लावून, चौथऱ्यावर चढवून जपले गेले. जिल्ह्यातल्या एखाद्या पडवीत आजही कोणाची जुनी जीप, एखादी डॉज किंवा फार्गो मालमोटार पेंढ्याखाली उभी असेल, तर तिची भंगारवाल्याशी गाठ पडण्याआधी तिच्या बोनेटवरची धूळ एकदा पुसावी, क्रमांकाची पट्टी वाचावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की, ही गाडी घरी कशी आली. जिल्ह्याच्या शांततेच्या काळाचा इतिहास त्या उत्तरात असण्याचा संभव आहे.